वादळ कमजोर झालं, मग पाऊस का वाढला?

(वाचकांचे प्रश्न)

या वेळच्या टपालात चक्रीवादळाबद्दलचीच पत्रं जास्त आहेत. धान कापणीच्या तोंडावर आभाळ भरून आलं की हे दरवर्षी होतं. मी बरीच वर्षं एका धान संशोधन केंद्राच्या वेधशाळेत नोंदी घेतल्या, त्यामुळे ही पत्रं मला मनापासून आवडतात. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्या पत्रांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: मॅडम, टीव्हीवर सांगितलं की चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं आणि आता कमजोर पडलं. मी म्हटलं, सुटलो. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीतच राहू दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत पाऊस. लोंब्यांना कोंब आले. कमजोर वादळ एवढं पाणी आणतं कुठून? अन् हे वादळ समुद्रात तयार होतं तरी कसं?
– एक धान उत्पादक, ता. नागभीड, जि. चंद्रपूर

उत्तर: भाऊ, पत्र वाचून जीव कळवळला. चार महिन्यांचं पीक डोळ्यांसमोर भिजताना पाहणं काय असतं हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तुम्ही ऐकलेली बातमी खरी होती, पण ती वाऱ्याची होती. तुम्हाला हवी होती पाण्याची. या दोन गोष्टी वेगळ्या कशा, ते कळायला वादळाच्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

चक्रीवादळाला लागतं गरम पाणी. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर हवं, आणि ही ऊब पन्नासेक मीटर खोलीपर्यंत हवी. खोलीची अट का? वारा जोर धरू लागला की समुद्र घुसळला जातो आणि खालचं थंड पाणी वर येतं. गरम थर पातळ असला तर वादळ आपलं इंधन आपणच विझवून बसतं. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचं गोडं पाणी येऊन पडतं. खाऱ्या पाण्यापेक्षा ते हलकं, म्हणून वरच राहतं आणि खालचं थंड पाणी सहजासहजी वर येऊ देत नाही. त्यात तुमच्या पूर्वेकडून वाहणाऱ्या वैनगंगेचाही वाटा आहे. ती प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीबरोबर आंध्रात उपसागराला मिळते. उपसागरात अरबी समुद्रापेक्षा कितीतरी जास्त वादळं होतात, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

आता इंधनाची गोष्ट. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं ते यामुळेच. मातीतून झिरपलेलं पाणी वाफ होताना माठाची उष्णता घेऊन जातं. ही उष्णता कुठे नाहीशी होत नाही, वाफेत दडून राहते. समुद्रावरची वाफ वर चढली, गार झाली आणि तिचे थेंब झाले की दडलेली सगळी उष्णता तिथे, ढगात, मोकळी होते. किती ते पाहा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. एवढ्या पाण्याचे थेंब होताना जी उष्णता सुटते ती विजेच्या हिशोबात मांडली तर जवळपास पावणेतीन हजार युनिट भरते. पाच एचपीची मोटर रात्रंदिवस चालवली तर ही वीज महिनाभर पुरेल. आणि हे फक्त एक एकर, एक मिलिमीटर. वादळाचे ढग शेकडो किलोमीटर पसरलेले असतात आणि पाऊस मिलिमीटरच्या शेकड्यात पडतो. हा हिशोब मी कितीतरी मुलांना फळ्यावर करून दाखवला आहे. दर वेळी माझेच डोळे विस्फारतात.

ही उष्णता ढगाच्या गाभ्यातली हवा तापवते. तापलेली हवा हलकी होऊन वर उठते आणि उंचावर गेल्यावर बाहेर पसरते. त्यामुळे खाली समुद्रावर हवेचा दाब उतरतो. दाब उतरला की चहूकडून हवा तिकडे धाव घेते. येताना समुद्रावरून आणखी वाफ आणते. वाफेतून आणखी उष्णता, उष्णतेने आणखी कमी दाब, त्याने आणखी वारा. एकदा हे चक्र जमलं की दोन-चार दिवसांत साध्या कमी दाबाच्या पट्ट्याचं वादळ होऊ शकतं.

हवा सरळ केंद्रात का शिरत नाही, गोल का फिरते? पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून. आपल्या उत्तर गोलार्धात वाहता वारा उजवीकडे ढकलला जातो, आणि चारी बाजूंनी येणारा वारा असा उजवीकडे सरकत गेला की केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागतो. विषुववृत्तावर हा रेटा नसतो. म्हणून तिथून पाच अंशांच्या आत, समुद्र कितीही गरम असला तरी, चक्रीवादळ सहसा जन्मत नाही.

आणखी एक अट आहे, आणि आपल्यासाठी ती फार महत्त्वाची आहे. खालचा वारा आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्यात फार तफावत असता कामा नये. तफावत असली की वरचे ढग एकीकडे ओढले जातात, खालचं केंद्र दुसरीकडे राहतं, आणि गाभ्यात साठू लागलेली उष्णता विखुरते. आषाढ-श्रावणात नेमकं हेच होतं. खाली पश्चिमेचा मोसमी वारा, वर पूर्वेचा जोरदार वारा. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र गरम असूनही उपसागरात बहुतेक वेळा कमी दाबाचे पट्टेच तयार होतात. ते ओडिशा-छत्तीसगडवरून आपल्याकडे सरकतात आणि आपल्याला झड लागते. मोसमी वारे यायच्या आधी आणि परतल्यानंतर ही तफावत कमी होते. म्हणून चक्रीवादळांचे हंगाम दोन : एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. दुसरा हंगाम म्हणजे धान कापणीचा, कापूस वेचणीचा आणि सोयाबीनच्या गंज्या वावरात उभ्या असण्याचा. आपलं दुखणं इथे आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. वादळ जमिनीवर चढलं की दोन गोष्टी घडतात. खालून येणारी वाफ तुटते आणि झाडं, डोंगर, घरं वाऱ्याला अडवतात. काही तासांत वारा पडतो. हवामान खातं वादळाचा दर्जा वाऱ्याच्या वेगावरून ठरवतं, म्हणून दर्जा उतरतो आणि बातमीत 'कमजोर' येतं. पण दोन-तीन दिवस समुद्रावरून उचललेली वाफ आणि तो कमी दाब लगेच कुठे जात नाहीत. ते तेलंगणावरून, छत्तीसगडवरून सरकत येतात आणि वाटेत रिकामे होतात. सरकण्याचा वेग मंदावला तर एकाच तालुक्यावर जास्त वेळ बरसतात. त्यामुळे वारा पडलेलं वादळ आपल्यासाठी कधी कधी जास्त घातक ठरतं.

'गुलाब'चं उदाहरण घ्या. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी ते आंध्रच्या उत्तर टोकाला, कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. वारा ताशी ७५ ते ८५ किलोमीटर, म्हणजे चक्रीवादळांच्या उतरंडीत सगळ्यात खालची पायरी. दुसऱ्या दिवशी तेही राहिलं नाही, नुसता कमी दाबाचा पट्टा उरला. आणि त्याच पट्ट्याने २७-२८ सप्टेंबरला मराठवाडा आणि पश्चिम विदर्भ बुडवला. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यातल्या नाल्याच्या पुरात एस.टी. बस वाहून गेली, माणसं गेली. तो पट्टा एवढ्यावर थांबला नाही. गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, तिथलं गरम पाणी मिळताच पुन्हा उठला, 'शाहीन' या नव्या नावाने तीव्र चक्रीवादळ झाला आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळला. ज्याला आपण संपलेलं समजलो होतो, ते विदर्भ ओलांडून पार परदेशात पोचलं.

म्हणून भाऊ, पुढच्या वेळी वादळ किनाऱ्यावर आलं की किनाऱ्याची बातमी बंद करा आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा उघडा. त्यात तुमच्या जिल्ह्याचा रंग पाहा : पिवळा, नारिंगी की लाल. शब्दही पाहा. २४ तासांत पाऊस ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला तर 'जोरदार', ११५.६ च्या वर 'अति जोरदार', २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. वादळ 'कमजोर' झालं तरी हा रंग बदलेपर्यंत ताडपत्री सोडू नका. कापणी व्हायची असेल तर दोन-तीन दिवस थांबवा. उभा धान आडवा पडला तरी पाण्यात पसरलेल्या कडपांपेक्षा त्यातून जास्त हाती लागतं. कडपा वाळलेल्या असतील तर बांधून उंचावर पुंजणे (रचलेले ढीग) घाला आणि झाका. पण भिजलेल्या कडपा घाईघाईने पुंजण्यात रचू नका, आतून ऊब धरते आणि दाणा काळा पडतो.

प्रश्न: मॅडम, आमच्या भूगोलाच्या सरांनी चक्रीवादळाचे प्रकार पाठ करायला दिले : ६२ ते ८८, ८९ ते ११७, ११८ ते १६६... असे विचित्र आकडे का? पन्नास, शंभर, दीडशे का नाहीत? आणि भर समुद्रात जाऊन वारा मोजतं कोण?
– अकरावीची विद्यार्थिनी, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर: बेटा, आकडे विचित्र दिसतात कारण ते मुळात किलोमीटरचे नाहीत, नॉटचे आहेत. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ३४ नॉट म्हणजे ६३ च्या जरासं आत (तक्त्यात ६२ धरतात), ४८ म्हणजे ८९, ६४ म्हणजे ११८. आता विचारशील, ३४ आणि ४८ तरी का? त्यांची मुळं जहाजांच्या काळात आहेत. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याच्या पायऱ्या बांधल्या. जहाजावर किती शिडं उभारता येतात यावरून शून्य ते बारा. पुढे या पायऱ्यांना वेग जोडले गेले. आठवी पायरी ३४ नॉटला सुरू होते, दहावी ४८ ला, बारावी ६४ ला.

भारतीय हवामान खात्याची उतरंड अशी : ताशी ३१ किलोमीटरच्या वर गेलं की कमी दाबाचा पट्टा, ५० च्या वर खोल पट्टा, ६२ ला चक्रीवादळ, आणि नाव इथेच मिळतं. ८९ ला तीव्र, ११८ ला अति तीव्र, १६७ ला अत्यंत तीव्र आणि २२२ ला महाचक्रीवादळ. हा वेग एका झोताचा नसतो. जमिनीपासून दहा मीटर उंचीवर, सलग तीन मिनिटांची सरासरी असते. अमेरिकेत एका मिनिटाची सरासरी घेतात, म्हणून तिकडच्या नकाशावर त्याच वादळाचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसतो. कुणी खोटं सांगत नसतं, मोजायची पद्धत वेगळी असते.

उंची आणि सरासरी यांनी किती फरक पडतो हे मी रोज पाहिलं आहे. शेती वेधशाळेत वाऱ्याच्या तीन वाट्यांचं यंत्र दहा मीटरवर नसतं, दहा फुटांवर असतं, कारण आम्हाला पिकाजवळचा वारा हवा असतो. त्याच्या बुडाशी आकड्यांची छोटी खिडकी असते. सकाळी तो आकडा उतरवायचा, त्यातून कालचा वजा करायचा आणि चोवीसने भागायचं. एकदा रात्री वावधन सुटलं, केंद्राच्या गोदामाचे पत्रे उडाले, आणि सकाळी सरासरी निघाली ती रोजच्यासारखी किरकोळ. अर्ध्या तासाचं तांडव चोवीस तासांत विरून गेलं होतं. तेव्हा कुठलाही आकडा वाचताना आधी विचार : किती उंचीवरचा, किती वेळाचा?

भर समुद्रात मोजतं कोण? बहुतेक वेळा प्रत्यक्ष कुणीच नाही. काही तरंगते बोये असतात, वाटेवरची जहाजं कळवतात, किनारा जवळ आला की डॉपलर रडार दिसू लागतं. अमेरिकेत विमानं थेट वादळात शिरून यंत्रं खाली सोडतात. आपली मुख्य भिस्त उपग्रहांवर आहे. इन्सॅट मालिकेचे उपग्रह जागचे न हलता आपल्या डोक्यावरून समुद्राची चित्रं पाठवत राहतात. त्या चित्रांवरून वारा ओळखायची रीत व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९७० च्या दशकात बसवली, आणि आजही जगभर तीच वापरतात. ढगांचा पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळला आहे, डोळा, म्हणजे मधली निरभ्र जागा, उघडला आहे का, डोळ्याभोवतीचे ढग किती थंड आणि डोळा स्वतः किती उबदार, हे पाहून 'टी' क्रमांक देतात. तो एक ते आठ, अर्ध्या-अर्ध्याने वाढतो. टी २.५ झाला की चक्रीवादळ, टी ३.५ ला तीव्र, टी ६.५ ला महाचक्रीवादळ. ढग जितके थंड तितके उंच चढलेले, आणि डोळा जितका उबदार तितका आतला दाब उतरलेला, हे त्यामागचं तत्त्व. डोळ्यात हवा खाली उतरते, म्हणून ती तापते, ढग विरतात आणि मध्यभागी निरभ्र आकाश दिसतं. डोळ्याला लागून जी ढगांची भिंत असते तिथे सगळ्यात भयंकर वारा असतो.

एक गोष्ट पाठ करू नकोस, समजून घे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की भिंतीवर, झाडावर पडणारा जोर चौपट होतो. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात पारादीपजवळ आलेल्या महाचक्रीवादळात वारा ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. ६२ च्या चक्रीवादळाशी तुलना केली तर वेग चौपटीच्या थोडा वर, पण जोर सतरा पटींहून जास्त. आणि एवढं असूनही तिथे जी जवळपास दहा हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक वाऱ्याने गेली नाहीत. वाऱ्याने समुद्राचं पाणी पाच-सहा मीटर उंच ढकलून गावांत घातलं, त्यात ती बुडाली. चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, 'फायलिन' त्याच ओडिशात गोपालपूरला आलं. तेही अत्यंत जोराचं होतं. पण या वेळी सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं, आणि मृत्यूंचा आकडा काही डझनांवर राहिला. ही आपल्या देशाने केलेली फार मोठी गोष्ट आहे आणि तुझ्या पुस्तकात ती ठळक छापली जायला हवी.

तुझ्या तक्त्यात मात्र समुद्राच्या पाण्याला रकाना नाही आणि पावसालाही नाही. पहिल्या पत्रातल्या शेतकऱ्याचं उत्तर वाच, म्हणजे हिंगणघाटला बसून याची काळजी आपण का करायची ते कळेल.

प्रश्न: माझ्या मोबाइलमध्ये हवेचा दाब दाखवणारं अॅप आहे. त्यात रोज ९७५ च्या आसपास आकडा येतो. बातम्यांत समुद्रातल्या वादळाच्या केंद्रात ९७६ दाब असल्याचं सांगत होते. मग आमच्याकडे रोजच चक्रीवादळ आहे का?
– एक दुकानदार, कळमेश्वर, जि. नागपूर

उत्तर: प्रश्न चांगला आहे, आणि तुमचा मोबाइल बरोबर आहे. हवेचा दाब म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन. उंचावर गेलं की डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाब कमी. खालच्या थरात दर नऊ मीटरला साधारण एक हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक, तुमच्या अॅपमधला आकडा त्यातलाच) उतरतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. म्हणजे समुद्राकाठी १०१० असेल तेव्हा आपल्याकडे ९७५ दिसणारच. वेधशाळा नकाशावर आकडा टाकण्याआधी ही उंची धरून तो समुद्रसपाटीचा करतात. वादळाच्या केंद्रातले ९७६ हे समुद्रसपाटीवरचे, म्हणून तो आकडा एवढा खोल.

अॅप काढून टाकू नका, त्याचा उपयोग आहे. फक्त आजचा आकडा कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी ताडून पाहा. दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक नेहमीचा. पण कालच्या चारपेक्षा आजच्या चारला तीन-चारने कमी असेल तर कुठेतरी काहीतरी जवळ येतंय.

कुठे, तेही सांगता येतं. मोकळ्या वावरात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि डावा हात आडवा धरा. कमी दाबाचं केंद्र त्या बाजूला, किंचित पुढे. ऑक्टोबरात ईशान्येचा वारा सुटला असेल तर तुमचं तोंड नैर्ऋत्येला आणि डावा हात आग्नेयेला, म्हणजे आंध्रच्या किनाऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी हात कुठे वळला ते पाहिलं की केंद्र कोणत्या बाजूने सरकतंय याचा अंदाज येतो. दिवसभर एका दिशेने वाहणाऱ्या वाऱ्यालाच हे लागू आहे. मेघगर्जनेच्या आधी सुटणाऱ्या झोताला नाही.

प्रश्न: मे महिन्यात आमच्याकडे वावधन आलं. वीस मिनिटांत गोठ्यावरची टिनं उडाली, संत्र्याची झाडं मोडली. गावात सगळे म्हणतात चक्रीवादळ आलं. खरं का?
– एक शेतकरी महिला, कारंजा (लाड), जि. वाशीम

उत्तर: नाही ताई. वीस मिनिटांत येऊन गेलं ते चक्रीवादळ नव्हे. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, कित्येक दिवस जगतं आणि समुद्राशिवाय जन्मत नाही. तुमच्याकडे आलं ते वीज-गर्जनेच्या ढगातून. अशा ढगातून पाऊस आणि गारा कोसळू लागल्या की त्यांच्याबरोबर थंड, जड हवा वेगाने खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. टिनं उडतात ती त्या झोताने. आणि चैत्र-वैशाखात भर उन्हात वावरातून फिरत जाते ती वावटळ तिसरीच. ती तापलेल्या जमिनीतून वर उठते, तिला ढगही लागत नाही.

नुकसान मात्र कुठल्याही नावाने तेवढंच खरं आहे. पंचनाम्याआधी मोडलेल्या झाडांचे फोटो काढताना ती कुठल्या दिशेला पडली तेही नोंदवा, आणि वेळ लिहा. वाऱ्यापेक्षा मला काळजी विजेची वाटते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे अॅप जवळपास वीज पडत असेल तर इशारा देतं. घरातल्या एका तरी मोबाइलमध्ये ते घ्या, आणि ढग गरजू लागला की झाडाखाली थांबू नका, बैल सोडायलाही जाऊ नका.

प्रश्न: आमच्या महसूल मंडळाचं पर्जन्यमापक गावापासून दूर आहे. तिकडे कोरडं आणि इकडे पूर, असं नेहमी होतं. आमच्या बचत गटाला गावातला पाऊस स्वतः मोजायचा आहे. कसा मोजावा?
– बचत गटाच्या महिला, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर: ताईंनो, तुम्ही हे करणार हे वाचूनच आनंद झाला. शासन २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतं, आणि तो आकडा मंडळाच्या यंत्राचाच घेतं. तुमची वही त्याची जागा घेणार नाही. पण वादळाचा उरलेला पट्टा जंगलावरून सरकतो तेव्हा पाच-सात किलोमीटरवर पाऊस निम्मा किंवा दुप्पट होतो, आणि तुमच्या बांध्यांत खरं किती पाणी आलं हे फक्त तुम्हालाच कळू शकतं.

सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा स्टीलचा डबा घ्या. वर-खाली रुंदी सारखीच हवी. बाटली नको, तिचं बूड गोल असतं. डब्याचं तोंड जमिनीपासून फूटभर उंच राहील असा पक्का बसवा, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत उडणार नाहीत आणि वाऱ्याने तो पडणार नाही. घर किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. मोहाच्या झाडाखाली ठेवला तर पानांवरून गळणारं पाणी मोजाल. रोज सकाळी साडेआठला पाहा, कारण देशभरातल्या वेधशाळा त्याच वेळेला मोजतात आणि तुमचा आकडा त्यांच्याशी ताडता येईल. पट्टी उभी घालून किती मिलिमीटर पाणी आहे ते वाचा. पाणी अगदी थोडं असेल तर पट्टीवर नीट कळत नाही. मग ते औषधाच्या मापाने मोजा. तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर दर ३१ मिलिलिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. मोजून झालं की डबा पुसून पुन्हा ठेवा.

जोराच्या पावसात डबा भरून वाहील असं वाटलं तर मध्येच मोजून घ्या आणि साडेआठच्या आकड्यात मिळवा. काम दोघींकडे द्या, एक बाहेरगावी गेली तर दुसरीने पाहावं. आणि ज्या दिवशी थेंबही पडला नाही त्या दिवशी वहीत शून्य लिहा. रकाना कोरा ठेवला तर चार महिन्यांनी कळत नाही, पाऊस नव्हता की मोजायचं राहिलं.